सायकलीचा घसारा

वाणिज्य शाखेत घसाऱ्याची एक गंमत शिकवतात. दरवर्षी उरलेल्या किमतीतून ठरावीक टक्के कापत गेलं, की वस्तू कधी शून्य होतच नाही! हा नियम वडिलांच्या ॲटलस सायकलीसाठीच केला असावा. तिचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला, आणि तो दिवस नेमका जागतिक सायकल दिनाचा. जिचा कारखानाच गेला, तिला मोडीत कशी काढायची?

धाराशिवच्या आमच्या मिस्त्रींनी चेनीला पट्टी लावली. २४ कड्या १२ इंच भरायला हव्यात. आमच्या सव्वाबारा भरल्या.

"बदला चेन," मी म्हटलं.

"सायेब, एकटी चेन चालत न्हाई. जुन्या फ्रीव्हीलचे दात झिजलेत, नवी त्यावरनं घसरती."

म्हणजे सून आणायची तर सासूही नवी हवी! हा खर्च मी महसुली खात्यात टाकतो. नवी सायकल म्हणजे भांडवली खर्च, आणि त्याला मंजुरी द्यायला आमचं हेड ऑफिस, म्हणजे सौ., एका पायावर तयार.

"अहो, मामंजींचं हिच्यात आता उरलंय काय?"

थीसियसच्या जहाजाच्या फळ्या बदलताना ग्रीकांनी हाच वाद घातला होता. निकाल अजून प्रलंबित आहे. मी मुकाट्यानं दांडा दाखवला. त्यावर बसवून वडील मला शाळेत सोडायचे. तिथला रंग तेव्हापासून उडालेला आहे.

परवा मिस्त्रींनी रंगाचा डबा उघडला.

"तेवढी वीतभर जागा सोडून रंगवा," म्हटलं.