खारं हाय म्हून जितं हाय

मेहकरहून निघालेल्या एसटीने लोणारला उतरले तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. गावातून चालताना सरोवराची चाहूलही लागत नाही. कड्यावर आलं की पायाखालची जमीन एकदम संपते आणि खाली पावणेदोन किलोमीटर रुंदीची खोलगट वाटी दिसते. तिच्या तळाशी शेवाळी हिरवं पाणी. अशनी आदळून बसाल्ट खडकात झालेलं हे विवर.

जून २०२० मध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं. उन्हाने पाणी आटलं, क्षार वाढले आणि खारटपणातच फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांनी आपला रंग पसरवला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते शोधून काढलं. मला तो रंग पाहायला मिळाला नाही, पण तो कशाने आला हे जवळून समजून घ्यायचं होतं.

धार नावाच्या ठिकाणी गोमुखातून बारमाही गोडं पाणी पडतं. तिथे आंघोळीला आलेल्या बायकांच्या गर्दीतून वाट काढत उतरायला लागले. वेड्या बाभळीच्या जाळीतून मोर ओरडत होते. काठ जवळ आला तसा उग्र, कुबट वास आला. चिखलावर पांढरी खपली धरली होती. पाण्यात बोटं बुडवून चोळली, तर साबण लावल्यासारखी बुळबुळीत लागली.

सोबतच्या वाटाड्याने खिशातून हळदीची पुडी काढली. "ताई, हातावर पानी घ्या." चिमूटभर हळद पडली आणि तळहातावर कुंकू कालवल्यासारखा लाल रंग उमटला. "खारं हाय म्हून तं जितं हाय थे," तो म्हणाला.

याच खारावर कितीतरी पिढ्यांचं पोट चाललं. काच आणि साबण करायला लागणारा माल इथे मिळतो, अशी नोंद अकबराच्या काळातल्या 'आईन-ए-अकबरी'त आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की लोक खार गोळा करत. दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्याच्या प्रतींना नावं होती. आता खार काढणं बंद आहे आणि ही नावंही मागे पडली आहेत.

कमळजादेवीच्या देवळाजवळच्या सासू-सुनेच्या विहिरीची गोष्ट वाटाड्याने सांगितली. एका बाजूचं पाणी गोडं, दुसऱ्या बाजूचं खारं. दोन्ही शेजारी नांदतात, पण आपापल्या जागी.

सरोवरात मात्र ती आपापल्या जागी राहत नाहीत, हीच आजची काळजी. २००० साली इथे अभयारण्य झालं, २०२० मध्ये रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. तरी गावाचं सांडपाणी या वाटीत उतरत राहिलं आणि तो प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. घाणीबरोबर येणारं गोडं पाणी खारटपणा पातळ करतं, आणि खारटपणावरच जगणाऱ्या जीवांचं घर मोडतं. एरवी पाणी वाचवायचं म्हणजे ते गोडं ठेवायचं, असंच आपण धरून चालतो. इथे खारटपणा जपायचा आहे. गावाचं सांडपाणी वरच अडवून शुद्ध करणं आणि ते खाली न सोडणं, हाच त्यावरचा उपाय.

चढ चढून पुन्हा धारेवर आले. हात धुतले तेव्हा हळदीचा लाल डाग गोड्या पाण्यात फिका पडत पिवळा झाला. खाली शेकाट्या पक्षी काठाने पावलं टाकत होते. तिथलं पाणी मात्र असं फिकं पडू देता कामा नये.