तिसरी तार

दहावीच्या वर्गात वीजसुरक्षेचा भाग आला की आम्ही फळ्यावर तीन रेघा ओढतो. पहिली फेजची, दुसरी न्यूट्रलची आणि तिसरी अर्थिंगची. आमची शाळा उर्दू माध्यमाची. त्यामुळे विद्युतधारेला आम्ही 'बर्की रौ' म्हणतो, मुले तिला 'करंट' म्हणतात आणि बाजूच्या मराठी शाळेतले मित्र तिसऱ्या तारेला 'भूसंपर्कन तार' म्हणतात. नाव काहीही घ्या, काम एकच. उपकरणाच्या पत्र्यावर वीज उतरली तर तिला जमिनीत वाट करून देणे. "या तारेचे महत्त्व लिहा" या प्रश्नाला आम्ही बरीच वर्षे मोकळ्या हाताने गुण देत आलो. मात्र आमच्याच घरातल्या थ्री-पिनच्या वरच्या मोठ्या भोकामागे तार आहे की नाही, हे आम्ही एकदाही पाहिले नव्हते. बी.एड.ला पाठ कसा घ्यावा हे शिकवतात, पाठ घरी कसा न्यावा हे कोणी शिकवत नाही.

आम्ही २०२२ साली गव्हाणला राहायला आलो. त्याआधी चार महिने उलव्याच्या सेक्टरांमध्ये भाड्याची जागा शोधत होतो. जागा पसंत पडायची, भाडे ठरायचे आणि मग एजंट नाव विचारायचा. नाव सांगितल्यावर "मालकाशी बोलून कळवतो" एवढे म्हणायचा. ते कळवणे कधी आले नाही. वाचकांपैकी अनेकांना हा अनुभव असेल, त्याचा पाढा इथे वाचत नाही. शेवटी गव्हाण गावात एका आगरी आजींनी वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या दिल्या. त्यांनीही नाव विचारले, पण पुढचा प्रश्न होता, "मास्तर, घरान म्हातारं मानूस हाय का? जिना उभा हाय."

या भागातली घरे कशी वाढली हे सांगायला हवे. १९७० साली सिडको स्थापन झाली, नवी मुंबईसाठी शेते गेली आणि गावे गावठाणापुरती उरली. कुटुंब वाढले तसे लोकांनी गरजेपोटी घरावर मजले चढवले. खाली जुने घर, वर धाकट्या मुलाचे, त्याच्या वर भाडेकरूंचे. वीजही तशीच चढत गेली. खालच्या बोर्डातून एक जोड वर, त्यातून आणखी एक जोड. दोन तारा वर चढल्या, तिसरी खालीच राहिली. तिच्यावाचून दिवा लागतो, पंखा फिरतो, मग तिची आठवण कोणाला येणार?

२०२३ च्या पावसाळ्यात अम्मींनी फ्रीजसमोर एक लाकडी पाट आणून ठेवला. फरशी गार लागते म्हणून असेल, असे आम्हाला वाटले. एके दिवशी आमची सात वर्षांची मुलगी म्हणाली, "अब्बा, दादी फ्रीज उघडताना ओढणी हातावर का घेते?" आम्ही टेस्टर आणून फ्रीजच्या दांडीला लावला. दिवा पेटला.

विचारले तेव्हा अम्मी शांतपणे म्हणाल्या, "वजू करून आले की हात ओले असतात, तेव्हा जरा झिणझिण्या येतात. महिना झाला असेल."

"आणि तुम्ही सांगितलं नाही?"

"किती फिरल्यावर हे घर मिळालं, बेटा. वायरिंगची कटकट काढली तर म्हणतील, खोली रिकामी करा. मी पाटावर उभी राहते ना."

आमच्या आईने तो झटका घराच्या भाड्यात धरला होता. यावर आम्ही रागावलो असे लिहिले तर खोटे होईल. आम्ही फ्रीजचा प्लग काढला आणि दोन दिवस गप्प बसलो, कारण तीच भीती आमच्याही मनात होती.

तिसऱ्या दिवशी आमचा एक जुना विद्यार्थी आठवला. आयटीआयमधून वायरमनचा ट्रेड करून, परवाना काढून तो आता उलवे भागात कामे घेतो. तो आला, मेन स्विच बंद केला, एक सॉकेट उघडला आणि हसून म्हणाला, "सर, तुमच्या धड्यात ही तार हिरवी होती. इथे ती नाहीच." मग तो खाली गेला. जुन्या घराच्या मागे अर्थिंगचा एक पाइप होता, पण त्याची तार खाडीच्या खाऱ्या हवेने गंजून कधीच तुटली होती. म्हणजे खालचे घरही तिसऱ्या तारेविना चालले होते.

आता आजींना सांगण्यावाचून गत्यंतर नव्हते. आम्ही मनात चार वाक्ये जुळवून गेलो. त्यांनी ऐकून घेतले, तुटकी तार हातात धरून पाहिली आणि म्हणाल्या, "मास्तर, आदी का नाय सांगला? माझा नातू पन त्याच मोरीन आंघोल करतो." आमची चार वाक्ये तशीच राहिली. खर्च निम्मा-निम्मा ठरला.

आधी नवीन अर्थिंग झाले. मागच्या अंगणात खड्डा खणून आठ फुटी जीआय पाइप उभा केला, भोवती कोळशाचे आणि मिठाचे थर दिले. मिठाने ओल धरून राहते आणि जमीन वीज घेते. तिथून हिरवी तार प्रत्येक मजल्यावर नेली. मग आमच्या बोर्डात आरसीसीबी बसवला.

हा डबा एमसीबीसारखाच दिसतो, म्हणून घोटाळा होतो. दोघांची कामे वेगळी आहेत. एमसीबी जास्त भार आणि शॉर्ट सर्किट ओळखतो. तो १६ अँपिअरचा असेल तर त्याहून बराच जास्त करंट गेल्यावर पडतो. माणसाचा जीव घ्यायला अँपिअरचा एक छोटा अंश पुरतो, तो एमसीबीला कळतही नाही. आरसीसीबी हिशेब तपासतो. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा त्याच्या आतल्या एका कड्यातून जातात. जेवढा करंट गेला तेवढाच परत आला, तर कडे शांत राहते. थोडा करंट दुसऱ्या वाटेने, म्हणजे पत्र्यातून किंवा कोणाच्या हातातून जमिनीत गेला की हिशेब चुकतो आणि दांडी खाली पडते. घरगुती आरसीसीबीला ही तूट ३० मिलिअँपिअर ठेवतात. साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब साधारण २६० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे त्याच्या आठव्या हिश्शाहूनही ही तूट कमी.

हा आकडा हवेतून आलेला नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनी स्वयंसेवकांवर मोजून पाहिले की किती करंटपर्यंत माणूस हातातली वस्तू सोडू शकतो. पुरुषांत सरासरी १६ आणि स्त्रियांत साडेदहा मिलिअँपिअरच्या आसपास उत्तर आले. त्यापुढे स्नायू आवळतात आणि हात सुटत नाही. याच डॅलझील यांनी १९६१ मध्ये गळती ओळखून वीज तोडणारे उपकरण तयार केले. ३० मिलिअँपिअरला हात सुटेलच असे नाही, पण हृदयाची लय बिघडायच्या आत वीज तुटते. आकडा आणि वेळ, दोन्ही मिळून जीव वाचतो.

आमचा आरसीसीबी बसवला आणि चालू करताच पडला. पुन्हा वर केला, पुन्हा पडला. सोबतचा पोरगा म्हणाला, "सर, डायरेक्ट करून देऊ का? डबा दिसायला राहील, त्रास होणार नाही." किती घरांत असे शोभेचे डबे बसले असतील! विद्यार्थ्याने त्याला गप्प केले आणि शोध घेतला. आमच्या स्वयंपाकघराचा न्यूट्रल खालच्या मोरीच्या दिव्याशी जोडलेला निघाला. एका घराचा करंट दुसऱ्या घराच्या वाटेने परतत होता, मग हिशेब जुळणार कसा? दोन्ही न्यूट्रल वेगळे केले आणि दांडी वर राहिली.

मग त्याने फ्रीजचा प्लग लावला. डबा तत्क्षणी पडला. अम्मी दचकल्या, "बिघडला का?"

"नाही दादी," तो म्हणाला, "आता बरा झाला. आधी फ्रीज तुम्हाला सांगत होता, आता डब्याला सांगतो."

आम्हाला नीट कळले ते इथे. नुसता आरसीसीबी असता तर तोही पडला असता, पण अम्मींचा ओला हात दांडीला लागल्यावर. तिसरी तार असल्यामुळे तो कोणाचा हात लागण्याआधी पडला. म्हणून दोन्ही हवेत. फ्रीजच्या कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या वायरचे आवरण सडले होते, ते बदलून घेतले.

शेवटी तपासणी झाली. आधी डब्यावरचे 'टी' लिहिलेले बटण दाबले, दांडी पडली. मग एक छोटे यंत्र सॉकेटला लावले. १५ मिलिअँपिअरला डबा पडायला नको होता, पडला नाही. ३० ला ३०० मिलिसेकंदांच्या आत पडायला हवा, पडला. १५० ला ४० मिलिसेकंदांच्या आत, तोही पडला. बटणाने फक्त डब्याची यंत्रणा कळते, अर्थिंग शाबूत आहे की नाही ते कळत नाही. ते वेगळे तपासावे लागते. आणि एका हाताने फेज, दुसऱ्याने न्यूट्रल धरला तर हा डबा वाचवेलच असे नाही, कारण त्याच्या हिशेबात तो माणूसही एक दिवाच.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० आणि २०२३ च्या सुरक्षा नियमांत अशा उपकरणाची तरतूद आहे. पण नियम कागदावर असतो, पाट फरशीवर. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला, २०२५ च्या डिसेंबरात शेजारच्या विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. गावात भाडेकरू वाढत आहेत, जुन्या दोन तारांवर गिझर आणि एसी चढत आहेत. त्यांतल्या कितीतरी घरांत एखादी आई पाटावर उभी राहून गप्प बसलेली असेल.

शाळेत आम्ही आता या धड्याला एक घरचा अभ्यास जोडला आहे. कशाला हात न लावता, मोठ्या माणसाला सोबत घेऊन बोर्डावर 'टी'चे बटण आहे का पाहायचे आणि असल्यास मोठ्यांकडून दाबून घ्यायचे. पहिल्या वर्षी तीसपैकी सहा मुलांच्या घरी बटण निघाले. दोघांकडे ते दाबूनही काही पडले नाही. त्या दोन्ही घरी आमचा विद्यार्थी जाऊन आला. शाळेच्या वॉटर कूलरवरही आता डबा आहे आणि त्याचे बटण दर महिन्याला शिपाईमामा दाबतात.

घरी हे काम अम्मींनी स्वतःकडे घेतले आहे. पहिल्या तारखेला सकाळी त्या सगळ्यांना बजावतात, "दोन मिनिटं वीज जाईल." मग खुर्चीला टेकून बटण दाबतात. खट् आवाज होतो, पंखा थांबतो. त्याच क्षणी खालून आजींचा आवाज येतो, "भाबी, तुमचा परला का? आता माझा दाबते."

लाकडी पाट अजून घरात आहे. त्यावर बसून मुलगी गृहपाठ करते.