टायर आतून झिजतं

चांदरातीला भाचा पुण्याहून आला. चाकणला एका कारखान्यात कामाला आहे. हप्त्यांवर घेतलेली जुनी स्विफ्ट त्याने दारात उभी केली, तेव्हा मला वाटलं, मागे सामान जास्त भरलंय. गाडी बसल्यासारखी दिसत होती. सामान उतरवलं, तरी ती वर आली नाही.

"क्या मामू, कैसी दिखती?" त्याने विचारलं.

स्प्रिंगा बदलून त्याने गाडी दीड इंच खाली घेतली होती. चाक आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये जेमतेम दोन बोटं जातील एवढी जागा. पोरगा खूश होता. मी मात्र नेहमीचं भाषण सुरू केलं. ही फिजूलखर्ची आहे, तुझ्या अब्बांच्या माघारी आपाने कसं शिकवलं ते आठव, हप्ते फिटले नाहीत आणि हे शौक कसले. त्याने मान खाली घातली. "जी मामू," म्हणाला आणि आत गेला. आपण योग्य वेळी योग्य बोललो, असं मला वाटलं.

ईदच्या दुपारी अम्मी, आपा, माझी बायको, मी आणि तो असे पाच जण अकलूजला नातेवाइकांकडे निघालो. अम्मीचे गुडघे दुखतात. एवढ्या खालच्या सीटवर तिला अक्षरशः सोडावं लागलं आणि उतरताना दोघांनी ओढून काढावं लागलं. गळीत हंगाम नुकताच संपला होता. उसाच्या ट्रॉल्यांनी श्रीपूर, माळीनगर, अकलूज या रस्त्याचं काय होतं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पहिल्याच गतिरोधकावर गाडीचं पोट घासलं. अम्मी "या अल्लाह" म्हणाली. पुढे प्रत्येक गतिरोधकावर म्हणत राहिली.

याचा हिशोब सोपा आहे. या स्विफ्टचं पोट कंपनीने जमिनीपासून १७० मिलिमीटर उंच ठेवलेलं. दीड इंच कमी केले की उरतात साधारण १३०, तेही गाडी रिकामी असताना. पाच माणसं बसली की ती आणखी दबते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे हळूहळू चढणारा आणि तसाच उतरणारा असावा. आपल्याकडे गावकरी एका रात्रीत जो उभा करतात, तो गतिरोधक कमी आणि बांध जास्त असतो.

पण खरी गोष्ट पोट घासण्याची नव्हती. ती मला त्या रात्री आपाकडून कळली.

"शंभराच्या पुढे गेलं की स्टिअरिंग थरथरतं म्हणत होता," ती म्हणाली. "तुला सांगू नको म्हणाला. मामू परत बोलतील म्हणे."

दुसऱ्या दिवशी तो याच गाडीने पुण्याला परतणार होता. सराटीला नीरा ओलांडून इंदापूर, आणि तिथून थेट पुणे-सोलापूर महामार्ग. सकाळी मी त्याला फक्त एवढंच म्हटलं, "चल, अलाइनमेंट बघून येऊ." या वेळी भाषण केलं नाही.

अकलूजच्या मिस्त्रीने गाडी लिफ्टवर घेतली. आधी चारही चाकांची हवा सारखी केली. मग चाकं हातात धरून हलवली, बॉल जॉइंट आणि टाय रॉडमध्ये खेळ आहे का ते पाहिलं. खेळ असेल तर यंत्र कितीही महागाचं असो, आकडे खोटेच येतात. मग तो मला म्हणाला, "सर, टायर बाहेरून बघू नका. हात आतून फिरवा."

मी हात फिरवला. बाहेरच्या बाजूला नक्षी चांगली होती. आतली कडा गुळगुळीत, आणि एका जागी बोटाला बारीक तारा टोचल्या. रबर संपून आतलं जाळं उघडं पडलं होतं. दोन्ही पुढच्या टायरांची तीच गत. खोबणीत १.६ मिलिमीटर उंचीची एक खूण असते, रबर तिथपर्यंत आलं की टायर बदलायचं. इथे बाहेरून पाहणाऱ्याला ती खूण अजून लांब दिसत होती, आणि आतून टायर केव्हाच संपलं होतं. आदल्या दिवशी आम्ही पाच जण याच टायरांवर बसून आलो होतो.

मिस्त्रीने कारण नीट समजावलं. चाक वरच्या बाजूला शॉकअपच्या नळीने बॉडीला जोडलेलं असतं आणि खाली एका आडव्या आर्मने. बॉडी खाली आली की त्या आर्मचा कोन बदलतो आणि चाकाचा माथा आत झुकतो. याला कँबर म्हणतात. स्टिअरिंगचा टाय रॉड आणि हा आर्म वेगवेगळ्या कमानीत फिरतात, त्यामुळे चाकाचं तोंडही वळतं. हा झाला टो. टायर लवकर खातो तो मुख्यतः टो. दोन्ही चाकांची तोंडं थोडी बाहेर वळली तर प्रत्येकाला आपापल्या बाजूला जायचं असतं, पण गाडी सरळ जाते. मग टायर रस्त्यावर खोडरबरासारखं घासत राहतं. त्यात चाक आत झुकलेलं, म्हणजे सगळा मार आतल्या कडेवर. आणि तिथे कुणाची नजर जात नाही.

नमाजाला उभं राहताना आमच्याकडे इमामसाहेब सफ सरळ करायला सांगतात. तेव्हा पायांचे अंगठे जुळवायचे नसतात, टाचा जुळवायच्या असतात. पावलं लहानमोठी असतात, अंगठ्यांची रेघ फसवते. मिस्त्रीनेही आधी मागच्या चाकांचे आकडे घेतले आणि त्यांच्या हिशोबाने पुढची चाकं लावायला घेतली. मागे एकसंध ॲक्सल असल्याने तिथे फिरवायला पुढच्यासारखी सोय नाही. पुढे टो टाय रॉडवर जुळतो. कँबरची सोय मात्र या गाडीत कंपनीने दिलेली नाही. त्यासाठी वेगळे बोल्ट बसवावे लागतात.

"स्प्रिंगा बसवल्यावर अलाइनमेंट केलं होतं का?" मिस्त्रीने विचारलं.

भाचा म्हणाला, "बसवणाऱ्याने सांगितलंच नाही."

नव्या स्प्रिंगा पहिल्या काही दिवसांत थोड्या बसतात. म्हणून बसवल्यावर एकदा आणि काही शे किलोमीटर चालवल्यावर पुन्हा, असं दोनदा पाहावं लागतं. इथे एकदाही पाहिलं नव्हतं.

कायद्याचंही सांगायला हवं, कारण ते त्याला ठाऊक नव्हतं आणि मलाही अर्धवटच ठाऊक होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

अकलूजलाच दोन नवी टायरं टाकली, टो जुळवून घेतला. पैसे मी देऊ केले. त्याने घेतले नाहीत. परत येताना माळीनगरपर्यंत कुणीच बोललं नाही. मग तोच म्हणाला, "मूळ स्प्रिंगा मित्राच्या खोलीवर आहेत. गेल्यावर बसवून घेतो." स्प्रिंगा पुन्हा बदलल्या की अलाइनमेंटही पुन्हा, हे मिस्त्रीने सांगितलेलं त्याच्या लक्षात होतं.

मी वीस वर्षं मुलांना शिकवतोय. बीएडला आम्हाला प्रश्न कसे विचारावेत यावर धडे होते, त्यांचे पाठही घेतले. पण चांदरातीला मी भाच्याला एकही प्रश्न विचारला नाही. कुठून बसवल्या, त्यानंतर गाडी कशी चालते, एवढं विचारलं असतं तरी थरथरीची गोष्ट तेव्हाच निघाली असती. इस्राफ वाईट आहे, हे खरंच. पण ते मी ज्या सुरात सांगितलं, त्याने पोराने खर्च थांबवला नाही. त्याने फक्त मला सांगणं थांबवलं. आपल्या घराघरांत तरुण पोरं "जी" म्हणून आत जातात आणि आपण समाधानाने चहा पितो. बाहेरून सगळं नीट दिसतं.

आठवड्याने त्याचा फोन आला. गाडी वर घेतली, अलाइनमेंट झालं, अम्मीनानीला सांगा आता बसता येईल.

"टायर पाहिलंस?" मी विचारलं.

"पाहिलं मामू. आतून हात फिरवून."