मजकुरातून फोटो सोडवताना

लेखकांना फोटो वेगळे पाठवायला सांगितलं आणि त्यांनी ते खरंच वेगळे पाठवले, असं भाग्य स्मरणिकेच्या कुठल्या संपादकाला लाभलं असेल तर मला ते माहीत नाही. पत्रकात ठळक अक्षरांत छापलेलं असतं, ‘छायाचित्रे स्वतंत्र जोडावीत, लेखात चिकटवू नयेत.’ लेख येतो तो गूगल डॉकची लिंक होऊन, आणि त्यात फोटो चिकटवलेलेच असतात. काही डावीकडे, काही मध्यभागी, एखादा दोन परिच्छेदांच्या मध्ये अडकून दोन्हीकडच्या ओळी ढकलत बसलेला. लेखकांचं तरी काय चुकतं म्हणा. शाळेची शताब्दी, त्यात आपली आठवण सांगायची. जुन्या कौलारू इमारतीचं नाव निघालं की हात आपोआप फोटोकडे जातो. त्यांनी त्यांच्या परीने पानच लावून दिलेलं असतं.

मग पेठेतल्या डीटीपीवाल्या दादाचा फोन येतो. “मॅडम, मजकूर घेतला मी. फोटो तेवढे जेपीजीत पाठवा. ओरिजिनल हां, स्क्रीनशॉट नको.”

आता ओरिजिनल आणायचे कुठून? लेखकाला विचारावं तर फोटो मुलाच्या जुन्या फोनमध्ये होता आणि तो फोन आता नाही. फोटो जिवंत आहे तो फक्त त्या डॉकमध्ये. डोळ्यांसमोर दिसतोय, पण हाताला लागत नाही. इंटरनेटवर एरवी कुठल्याही चित्रावर राइट क्लिक केलं की ‘सेव्ह इमेज ॲज’ ही ओळखीची ओळ पुढे येते. इथे मेनू उघडतो तो डॉकचा स्वतःचा. कट आहे, कॉपी आहे, चित्र इकडेतिकडे सरकवण्याची सोय आहे. ब्राउझरची ती ओळ मात्र नाही.

याला कारण आहे. २००५ साली ‘राइटली’ नावाचं एक छोटं उत्पादन निघालं होतं, ब्राउझरमध्येच लिहायचं आणि फाइल आपल्या मशीनवर ठेवायचीच नाही, अशा कल्पनेचं. पुढच्याच वर्षी गूगलने ते विकत घेतलं आणि त्यातून डॉक्स उभं राहिलं. तेव्हा डॉक म्हणजे आतून एक वेबपेजच होतं. २०२१ मध्ये गूगलने जाहीर केलं की यापुढे पानं ‘कॅनव्हास’ पद्धतीने दाखवली जातील. म्हणजे अक्षरं, रेघा हे सगळं डॉक स्वतः रंगवून पडद्यावर मांडणार. आपल्याला पान दिसतं, ब्राउझरला रंगवलेला पृष्ठभाग. त्यामुळे त्या पृष्ठभागावर कुठे काय करता येईल हेही डॉकच ठरवतं. आमच्यासारख्यांना यातलं काही कळायची गरज नसते, पण राइट क्लिक करून करून बोट दुखलं की कळून घ्यावंसं वाटतं.

दादा स्क्रीनशॉटला का नाक मुरडतो, तेही हिशेब केला की पटतं. साध्या फोनच्या स्क्रीनची रुंदी बहुधा १०८० पिक्सेल असते. चांगल्या छपाईला इंचामागे ३०० लागतात. म्हणजे स्क्रीनभर फोटो ओढून घेतला तरी कागदावर तो साडेतीन इंचांच्या आसपास, नऊ सेंटिमीटर. पान ए-फोर, त्यावर सत्तर मुलांचा ग्रुप फोटो, आणि रुंदी नऊ सेंटिमीटर! प्रत्येकाच्या वाट्याला चेहरा म्हणून राखाडी ठिपका येणार. शिवाय लेखकाने मराठी टाइप केलेलं असतं, त्यामुळे फोटोखालच्या नावांवर लाल नागमोडी रेघाही स्क्रीनशॉटमध्ये फुकट येतात.

खरा रस्ता फाइल मेनूतून जातो. डाऊनलोडमध्ये ‘वेब पेज’ असा पर्याय आहे, तो घेतला की एक झिप फाइल उतरते. ती उलगडली की आत लेखाचं एक वेबपेज आणि शेजारी ‘इमेजेस’ नावाचा फोल्डर. सगळे फोटो त्यात. दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, त्यात थोडी चोरी केल्याचा आनंद आहे. लेख वर्डच्या फाइलमध्ये उतरवायचा आणि फाइलच्या नावाचं शेपूट, ते ‘डॉकेक्स’, पुसून तिथे ‘झिप’ लिहायचं. विंडोज लगेच घाबरवतं की असं केलंत तर फाइल निकामी होईल. होत नाही. तिच्यावर डबल क्लिक केलं की आत फोल्डर, त्यात ‘वर्ड’ नावाचा फोल्डर आणि त्याच्या पोटात ‘मीडिया’. वर्डची फाइल ही एकसंध वस्तू नाहीच मुळी, ते गाठोडं आहे. मजकूर एका फाइलमध्ये, अक्षरांची वळणं दुसरीत, फोटो तिसरीकडे, आणि कुठला फोटो मजकुरात कुठे बसतो याची नोंद आणखी चौथीकडे.

हीच फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर अगम्य चिन्हांचा पाऊस पडतो, पण त्या पावसातली पहिली दोन अक्षरं नीट वाचता येतात: पी आणि के. फिल कॅट्झ. झिप हा प्रकार या अमेरिकन प्रोग्रामरने १९८९ मध्ये आणला आणि आपली आद्याक्षरं त्याच्या उंबरठ्यावर ठेवून दिली. २००० साली, अवघ्या ३७व्या वर्षी तो गेला, दारूने गेला. आमच्या गावच्या शाळेतल्या बाईंच्या निरोप समारंभाचा लेख असो की कुणाचं लग्नाचं निमंत्रण, वर्डमध्ये साठवलं की सुरुवातीला त्याचं नाव येतंच. देवळाच्या पायरीवर नाव कोरून घेणाऱ्यांना हे जमलं नसतं.

जुन्या छापखान्यात या सगळ्याचं काही अप्रूप नव्हतं. तिथे चित्र आणि मजकूर मुळातच वेगळे असत. खिळे जुळवणारा कंपोझिटर मजकूर लावी. फोटोचा ब्लॉक जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर कोरून, लाकडी ठोकळ्यावर ठोकून, खिळ्यांच्या उंचीला आणून बाहेरून येई. दोघांची गाठ पडे ती थेट चौकटीत, छपाईपुरती. अंक निघाला की खिळे आपापल्या खणात आणि ब्लॉक संपादकाच्या कपाटात. पुढे कुणा दुसऱ्या मासिकाला तोच फोटो हवा असला तर ब्लॉक उसना जाई, खाली ‘ब्लॉक सौजन्य’ अशी ओळ येई. उसना नेलेला ब्लॉक परत न करणारेही होतेच. पण चित्र मजकुरातून सोडवणं हे कौशल्य नव्हतं, रोजचं काम होतं. लिहिता लिहिता फोटो चिकटवायची सोय घरोघर झाली आणि सोडवण्याची कला मागे पडली.

‘मीडिया’ फोल्डर उघडल्यावर पहिल्यांदा खटकतात ती नावं. लेखकाच्या फोनमध्ये त्या फोटोला काहीतरी नाव असेल, निदान तारीख तरी असेल. इथे सगळे इमेज-१, इमेज-२, इमेज-३. बरं, हे आकडे लेखातल्या क्रमानेच पडतील याचीही खात्री नाही. झेंडावंदनाचा फोटो लेखात पहिला असेल आणि इथे सातवा. लेखात लिहिलेलं असतं ‘वरच्या फोटोत पाठमोरे दिसतात ते आमचे चित्रकलेचे सर’, आणि आता वर काहीच नाही. फोल्डरात तीन पाठमोरे पुरुष आहेत. अशा वेळी ते वेबपेजवालं डाऊनलोड कामाला येतं. ते ब्राउझरमध्ये उघडायचं, फोटो आपापल्या जागी दिसतात, आणि इथे राइट क्लिक केल्यावर ती ओळखीची ओळ मुकाट्याने येते. सेव्ह करताना त्या फोटोचं फोल्डरातलं नावही दिसतं. मी तेव्हाच एका कागदावर लिहून ठेवते: इमेज-७, झेंडावंदन, पान दोन, परिच्छेद तिसरा. दादाला तो कागद फोटोंपेक्षा जास्त आवडतो. एक मात्र आहे, व्हॉट्सॲपवरून फिरत फिरत आलेला फोटो आधीच आक्रसलेला असतो. तो कुठल्याही वाटेने बाहेर काढा, तेवढाच निघतो.

दुसरी गोष्ट खटकत नाही, दचकवते. डॉकमध्ये किंवा वर्डमध्ये फोटो कापला, म्हणजे क्रॉप केला, तरी तो खरोखर कापला जात नाही. उरलेला भाग फक्त झाकला जातो. वर्डमध्ये ‘कापलेला भाग काढून टाका’ असं मुद्दाम सांगावं लागतं. डॉकमध्ये ‘रिसेट’ केलं की झाकलेलं परत येतं. आणि गाठोडं उलगडलं की बहुधा आख्खा फोटो बाहेर पडतो.

एका लेखात एका तरुण जोडप्याचा फोटो होता असं मला वाटलं, पण होती एकटी बाई. खांद्यावर कुणाचा तरी हात, मनगटावर घड्याळ, बस्स. मूळ फोटोत तो हात कुणाचा ते दिसत होतं. मी ती खिडकी बंद केली आणि लेखिकेने जेवढा दाखवला होता तेवढाच फोटो नव्याने कापून दादाला दिला, या वेळी खरोखरचा कापून. संपादकाला सगळं दिसतं म्हणून सगळं छापायचं नसतं. लोकांना हे सांगायलाही हवं: डॉकमध्ये झाकलंत म्हणजे लपलं असं समजू नका. आधार कार्डावरचा नंबर तसा झाकून पाठवणारे महाभाग मी पाहिले आहेत.

पण एकदा उलटं झालं. गणिताच्या एका जुन्या सरांवर लेख आला होता. फोटो सरांचा एकट्याचा, कोट, काळी टोपी, खुर्चीवर ताठ. फोल्डरातून निघाला तो सातवीचा आख्खा वर्ग. खुर्च्यांवर शिक्षक, मागे बाकांवर उभी मुलं, पुढे सतरंजीवर मांडी घातलेली बारकी पोरं आणि मधल्या पोराच्या मांडीवर पाटी, खडूने लिहिलेली: इ. ७ वी, १९७१. कडेला घंटा हातात घेतलेला शिपाई, त्याला चौकटीत यायचं होतं की नाही ते त्यालाच ठरवता आलेलं नाही. पाटीवरचा सात थोडा पुसलाय, कुणाची तरी कोपरखळी लागली असणार.

असा फोटो स्मरणिकेला मिळावा आणि आपण त्यातून सर तेवढे छापावेत? लेखक काका नाशिकला असतात. फोन लावला, म्हटलं, “काका, पूर्ण फोटो छापला तर चालेल का?”

“तुम्हाला तो कुठे मिळाला?” काका चमकले. मी झिपचं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ काहीच नाही, मग हसू. “अहो, त्यात मी आहे. दुसऱ्या रांगेत, डोळे मिटलेला. म्हणून तर नातीकडून कापून घेतला.”

मी फोटो मोठा करून पाहिला. खरंच, एक मुलगा झोपल्यासारखा उभा होता. काकांनी जरा आढेवेढे घेतले आणि मग म्हणाले, छापा, पण खाली सगळ्यांची नावं हवीत, नाहीतर ती पोरं कुणाची म्हणून लोक विचारतील. आणि तिथल्या तिथे, फोटो समोर नसताना, डावीकडून सुरू झाले. उभे, पहिली रांग, उभे, दुसरी रांग, बसलेले. मी टाइप करत होते. दोघा-तिघांच्या नावापुढे ‘कै.’ लावा म्हणाले आणि न थांबता पुढे गेले. सतरंजीवरच्या डावीकडून चौथ्यावर गाडी अडली.

“त्याला आम्ही बेडूक म्हणायचो. खरं नाव... थांबा, आठवलं की कळवतो.”

दादाचा तगादा चालू होता, फॉर्म मशीनवर चढायचा होता. तिसऱ्या दिवशी रात्री काकांचा फोन आला. “नाव मिळालं. त्यालाच गाठला, कोल्हापुरात असतो. पण तो म्हणतो बेडूकच छापा. खरं नाव छापलं तर वर्गातला एक ओळखणार नाही.”