शिधा, दक्षिणा आणि कंपनीची गाडी

२०२५ सालची गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला आली. पुण्यास नोकरीस असलेला माझा पुतण्या आदल्या दिवशीं संध्याकाळीं कऱ्हाड, मलकापूर व आंबा घाट ह्या वाटेनें कंपनीनें दिलेल्या मोटारींतून घरीं येऊन पोंचला. मोटार मिळून दीड वर्ष होत आलें होतें. पण रत्नागिरीस ती प्रथमच येत होती. वहिनींनीं तिला हळदकुंकू वाहिलें, मुलें तिच्याभोंवतीं नाचलीं, आणि 'पोरानें नांव काढलें' असें शेजारच्या दोघांतिघांनीं बोलून दाखविलें. मलाहि बरें वाटलें. परंतु दुसऱ्या दिवशीं रात्रीं आरती आटोपून आम्ही ओटीवर बसलों असतां त्याच गाडीवरून जो वाद निघाला, तो मजपुरता तरी अद्यापि संपलेला नाहीं. नोकरदार मुलें ज्या घरांत आहेत अशा घरांस त्याचा थोडासा उपयोग होईल, म्हणून तो येथें लिहितों.

वादाचें मूळ एका कागदांत होतें. पगारांतून कापलेल्या प्राप्तिकराचा दाखला म्हणून मालकाकडून नोकरास दरवर्षीं फॉर्म १६ मिळतो. त्याच्या जोडीला फॉर्म १२बीए असतो, आणि पगाराखेरीज ज्या सोयी नोकरास मिळाल्या त्यांची किंमत त्यांत मांडलेली असते. २०२४-२५ ह्या वर्षाच्या कागदांत पुतण्याच्या उत्पन्नांत मोटारीबद्दल २१,६०० रुपये मिळविलेले होते. विवरणपत्राची मुदत त्या वर्षीं १५ सप्टेंबरपर्यंत वाढविली असल्यामुळें तें भरावयाचें अजून राहिलें होतें, आणि तो त्रासून म्हणाला, "काका, गाडी कंपनीच्या नांवावर. नोकरी सोडली कीं किल्ली परत द्यायची. ती विकून एक पैसा माझ्या हातीं यायचा नाहीं. मग कर माझ्या माथीं कां?"

मी म्हटलें, "अरे, तुझ्या पणजोबांच्या वेळीं उपाध्याय घरीं येत. त्यांस दक्षिणा मिळे ती दोनचार आणे. पण पडशींत तांदूळ, डाळ, गूळ, नारळ असा शिधा पडे, आणि त्यांचा संसार चाले तो त्या शिध्यावर. दक्षिणा तेवढी मिळकत आणि शिधा म्हणजे कांहींच नव्हे, असें म्हणतां येईल काय? तुझा पगार ही दक्षिणा, आणि गाडी हा शिधा."

ही कल्पना कांहीं माझी नव्हे. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत भृत्यांच्या वेतनाविषयीं स्वतंत्र प्रकरण लिहिलें आहे. कोशांत धन थोडें असेल तर राजानें रोख रक्कम थोडी द्यावी व बाकीचें वनांतील माल, गुरें, जमीन ह्या रूपानें द्यावें, असा त्याचा सल्ला आहे. वस्तूच्या रूपानें मिळतें तेंहि वेतनच, हें त्यांत गृहीत धरलेलें आहे. आजचा कायदा अशा लाभास परिलब्धि म्हणतो.

'विकतां येत नाहीं' हा पुतण्याचा मुद्दा मात्र अगदींच पोरकट नव्हे. माँट्रोझ ह्या स्कॉटलंडांतील गांवीं एका बँकेचा अधिकारी नोकरीच्या अटीमुळें बँकेच्याच घरांत राहत असे. त्या राहण्याची किंमत त्याच्या उत्पन्नांत धरावी कीं नाहीं, असा प्रश्न निघाला. आणि जी सोय पैशांत पालटून घेतां येत नाहीं तिला उत्पन्न म्हणतां येत नाहीं, असा निकाल १८९२ सालीं इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्डसनें दिला. 'टेनंट विरुद्ध स्मिथ' ह्या नांवानें तो खटला प्रसिद्ध आहे. परंतु पुढें निरनिराळ्या देशांच्या कायद्यांनीं ही फट बुजविली. आपल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या सतराव्या कलमानें परिलब्धींची गणना पगारांतच केली. बँकेंतील नोकरांस कमी व्याजानें मिळणारें कर्ज हीहि परिलब्धिच होय, असें सर्वोच्च न्यायालयानें ७ मे २०२४ रोजीं ठरविलें. गाडीच तेवढी सुटेल कशी?

आतां प्रश्न उरतो मोजण्याचा. सनदी लेखापाल असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यास मी दूरध्वनि केला. त्यानें समजावून दिलें तें असें. मालकाची गाडी नोकर तीन प्रकारें वापरूं शकतो. केवळ कचेरीच्या कामासाठीं वापरली तर उत्पन्नांत कांहींच मिळवावयाचें नाहीं. केवळ स्वतःसाठीं वापरली तर मालकाचा प्रत्यक्ष खर्च व गाडीच्या मूळ किमतीच्या दहा टक्के झीज, असें सगळें उत्पन्नांत येतें. आणि दोन्हींसाठीं वापरली, जशी बहुतेक सर्व जण वापरतात, तर नियमानें एक ठोक रक्कम ठरवून दिलेली आहे. २०२४-२५ ह्या वर्षीं १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनास ती महिना १,८०० रुपये होती व त्याहून मोठ्या इंजिनास २,४००. चालकहि मालकानें दिला असेल तर आणखी ९००. खासगी फिरण्याचा सगळा खर्च नोकरानें स्वतः सोसला तर ह्याच रकमा ६०० व ९०० वर उतरत. घरापासून कचेरीपर्यंतचें जाणेंयेणें कायदा लाभांत धरीतच नाहीं.

पुतण्याची गाडी लहान, चालक नाहीं. म्हणून १,८०० गुणिलें बारा, म्हणजे २१,६००. हा कर नव्हे, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. ही उत्पन्नांत पडणारी भर होय. त्याची मिळकत तीस टक्क्यांच्या पायरीवरची. चार टक्के उपकर धरून प्रत्यक्ष कर झाला ६,७३९ रुपये. उलट दहा लाखांची गाडी केवळ स्वतःसाठीं वापरली आणि वर्षाचें पेट्रोल, दुरुस्ती व विमा मिळून एक लाख वीस हजार मालकानें दिले असें धरलें, तर झिजेच्या एक लाखासह २,२०,००० रुपये उत्पन्नांत येते व कर ६८,६४० झाला असता. पाण्यांतल्या माशानें पाणी केव्हां प्यालें ह्याचा पत्ता लागत नाहीं, ही कौटिल्याची उपमा प्रसिद्ध आहे. टांकींतलें पेट्रोल कोणत्या फेरींत किती गेलें, ह्याचा तरी पत्ता कोणास लागणार? म्हणून सरकारनें ठोक आंकडा बांधून दिला. आणि तो नोकरास जड नाहीं, उलट पुष्कळ हलका आहे. हें सर्व ऐकून पुतण्या कांहींसा शांत झाला, आणि वाद मिटला असें मी समजलों.

तिसऱ्या दिवशीं वहिनींस घेऊन आम्ही गणपतिपुळ्यास निघालों. चष्मा ठेवण्यासाठीं मी पुढचा कप्पा उघडला, तों आंत एक वही. प्रवासाची तारीख, ठिकाण, अंतर, खर्च असे रकाने, आणि अक्षर पुतण्याचें. मास्तरकीची खोड अशी कीं वही दिसली कीं हात थांबत नाहीं. शेवटची ओळ होती: '२६ ऑगस्ट. पुणें ते कोल्हापूर. ग्राहकभेट.' ज्या वाटेनें तो आला तीवर कोल्हापूर लागतच नाहीं.

मी वही मिटून ठेविली. वहिनी मागें बसल्या होत्या, म्हणून बोललों नाहीं. रात्रीं विचारलें तेव्हां तो खालीं पाहून म्हणाला, "कचेरींतल्या एकानें सांगितलें. सगळा प्रवास कामाचा दाखवायचा. म्हणजे पुढच्या वर्षीं कांहींच मिळवावें लागत नाहीं." मी हिशेब केला: वर्षाचे ६,७३९, म्हणजे महिना साडेपांचशेंच्या थोडे वर. शिवाय नुसती वही पुरत नाहीं. गाडी केवळ कामासाठीं वापरली असा मालकाचाहि दाखला लागतो. म्हणजे एकाच्या खोट्यावर दुसऱ्यानें सही करावयाची. हें सर्व मी त्यास जरा चढ्या आवाजांत सांगितलें.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "काका, लहानपणीं मी ज्या कोऱ्या पुरवण्यांवर गणितें करीत असें, त्या कोठून येत?"

त्याच्या बोलण्यांत कुचेष्टा नव्हती. खरोखरच आठवण झाल्यासारखें तो बोलला. पण मला उत्तर सुचेना. परीक्षा संपल्यावर उरलेल्या पुरवण्यांचा गठ्ठा मी वर्षानुवर्षें शाळेंतून घरीं आणीत असें. त्या कोणी मोजीत नसे. घरांतील सगळीं मुलें त्यांवरच लिहायला शिकलीं, आणि हा त्यांतलाच एक. मी जन्मभर मुलांना सत्य बोलण्यावर निबंध लिहावयास लावले. त्यांतले कांहीं कच्चे खर्डे ह्याच कागदांवर झाले असतील.

शेवटीं मी म्हटलें, "शाळेंतून येत. आणि तें चूक होतें. मीं कधीं कोणास विचारलें नाहीं." एवढें बोलण्यास मला जे श्रम पडले ते वर्गांत चाळीस मिनिटें बोलण्यास कधीं पडले नव्हते. त्यानंतर आम्ही दोघेहि फारसें बोललों नाहीं.

गौरी-गणपति बोळवून तो पुण्यास परत निघाला. गाडी सुरू करण्यापूर्वीं त्यानें वही काढली, ती ओळ खोडली आणि लिहिलें: 'रत्नागिरी. घरगुती.' मला ती त्यानें मुद्दाम दाखविली नाहीं. पण मी पाहावें अशा बेतानें धरली होती. मी म्हटलें, "पोंचलास कीं कळव."

त्यानंतरच्या सोमवारीं मी दोन रीम कागद विकत घेऊन शाळेंत नेऊन दिले. हे कशाबद्दल, असें लिपिकानें विचारलें. मी 'असेंच, मुलांसाठीं' म्हणून बाहेर पडलों. म्हणजे पुतण्यानें आपली ओळ खरी लिहिली, आणि मला मात्र अजून ती नीटशी लिहितां आलेली नाहीं.

असो. एक व्यवहाराची गोष्ट सांगून आटोपतों. वर दिलेले आंकडे २०२४-२५ ह्या वर्षाचे आहेत. २१ ऑगस्ट २०२५ रोजीं राष्ट्रपतींची संमति मिळालेला नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होतो. म्हणून ज्या वर्षाचा हिशेब करावयाचा त्या वर्षाचे नियम पाहून आंकडे घ्यावे. घरांत कोणास मालकाची गाडी मिळाली असेल तर तिची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी, आणि ती घरांतल्या वडील माणसानें वाचली तरी चालेल अशी ठेवावी. वडील माणसानेंहि ती वाचण्यापूर्वीं आपल्या कपाटांत एकदां पाहून घ्यावें.