तीस रुपयांची क्लिप



पोस्ट लांब आहे. पण खाडीत ज्यांची बोट आहे, ज्यांच्या घरातलं कुणी बोटीवर जातं, किंवा जे वेसवी-बागमांडला फेरीने ये-जा करतात, त्यांनी शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

१ जूनला मासेमारी बंद होईल, ती ३१ जुलैपर्यंत. बोटी वर ओढल्या जातील. रंग लागेल, जाळी दुरुस्त होतील, इंजिनाचं ऑइल बदललं जाईल. या दोन महिन्यांत आणखी एका वस्तूकडे बघा. इंजिनाच्या रबरी नळीला आवळून बसवलेली लोखंडी पट्टी. कुणी क्लॅम्प म्हणतं, कुणी जुबिली क्लिप. आपल्याकडे नुसतंच 'क्लिप'.

तीन वर्षांपूर्वी या क्लिपने आमची बोट बुडवली. आणि ती क्लिप मीच बसवली होती.

मी डिझेल मेकॅनिक. आयटीआय केलं, काही वर्षं मुंबईत काढली, मग परत येऊन मंडणगडात छोटं गॅरेज टाकलं. बोट धाकटा भाऊ चालवतो. इंजिनाचं काम निघालं की घरचा मेकॅनिक म्हणून मला बोलावणं. त्या जुलैत समुद्राचं पाणी खेचणारी नळी बदलायची होती. नळी नवीन आणली. क्लिप मात्र गॅरेजच्या डब्यातली घेतली, जीपच्या रेडिएटरला लावतो तीच. चकचकीत होती. पॅकिंगवर स्टेनलेस लिहिलेलं. घट्ट आवळली आणि मोकळा झालो.

बाबांनी विचारलं होतं, "एकच लावलीस?"
मी म्हटलं, "बाबा, गाडीला एकच असते. काही होत नाही."

सीझन बरा गेला. पुढच्या सीझनमध्ये नारळी पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. उधाणाची भरती. भावाने संध्याकाळी बोट नांगरली आणि घरी आला. सकाळी ओहोटीला गेला तर बोटीचं फक्त नाक वर. मागचा सगळा भाग पाण्याखाली. वारा नाही, लाट नाही, कुणी धडकलं नाही. रात्रभर शांत खाडीत बोट आपोआप भरत गेली.

पाणी उपसून इंजिनाजवळ पोचलो तेव्हा नळी पाइपावरून सुटून बाजूला पडलेली. क्लिपची पट्टी दोन तुकडे. मोडली कुठे? बरोबर स्क्रूच्या डबीखाली, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही. वरचा भाग अजूनही चकचकीत. पट्टी स्टेनलेसची असली तरी स्क्रू साध्या लोखंडाचा, वरून नुसता मुलामा. डबीखाली खारं पाणी अडकून राहतं, तिथे हवा पोचत नाही, आणि अशा सांदीत हलकं स्टेनलेससुद्धा आतून खाल्लं जातं. त्यात नळीचा कॉक गंजून अडकलेला, म्हणून कायम उघडाच ठेवलेला. तेही मला माहीत होतं.

बाबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "गाडीचं पाणी बाहेर जातं रे, बोटीचं आत येतं."

इंजिन खोललं, गोड्या पाण्याने धुतलं, डिझेलने धुतलं. स्टार्टर, डायनॅमो, बॅटरी गेली. सगळं मिळून पावणेदोन लाख, आणि ऐन हंगामाचा दीड महिना. भावावर सोसायटीचं कर्ज होतंच, त्यात वहिनीच्या बांगड्या गहाण गेल्या. तीस रुपयांच्या क्लिपसाठी. सुदैव इतकंच की त्या रात्री बोटीवर कुणी झोपलं नव्हतं. आपल्याकडे खलाशी बोटीवर झोपतात, हे वेगळं सांगायला नको.

थोडा हिशेब करू. एक इंचाचं भोक पाण्याखाली दीड-दोन फूट असेल तर मिनिटाला साधारण पन्नास लिटर पाणी आत येतं. म्हणजे मिनिटाला तीन बादल्यांपेक्षा जास्त. तासाला तीन हजार लिटर, तीन टन. बोट जड होऊन खाली बसते तसं भोक आणखी खोल जातं आणि पाणी जोरात येतं. दोन माणसं बादलीने किती वेळ उपसणार?

आता काय बघायचं ते सांगतो.

१) चुंबक लावा. पट्टीला लावा आणि स्क्रूलाही. चांगल्या स्टेनलेसला चुंबक जवळपास धरत नाही. घट्ट चिकटला तर ती क्लिप बोटीची नाही. दुकानात ३१६ ग्रेडचं, सगळे भाग स्टेनलेसचे, असं स्पष्ट मागा. तीन-चार पट महाग पडेल. घ्या.

२) क्लिप सैल करून फिरवा आणि डबीखाली बघा. तांबूस रेघ, खड्डा, चीर, काहीही दिसलं तर फेकून द्या. डब्यात परत ठेवू नका, कुणीतरी पुन्हा लावेल.

३) पाण्याच्या पातळीखालच्या प्रत्येक नळीला दोन्ही टोकांना दोन-दोन क्लिपा, स्क्रू समोरासमोरच्या बाजूंना. पण आतला पाइप दोन क्लिपांइतका लांब हवा. आखूड पाइपावर दुसरी क्लिप काठाबाहेर जाते आणि नळी कापते.

४) आरपार खाचांची पट्टी रबर कापते. पट्टी आतून गुळगुळीत आणि कडा वळलेल्या असाव्यात.

५) जीव खाऊन आवळू नका. रबर पट्टीच्या बाजूने फुगून वर आलं म्हणजे जास्त झालं. स्क्रू-ड्रायव्हर घसरतो, त्यापेक्षा छोटा सॉकेट पाना वापरा. नवीन नळी थोडे तास चालली की रबर बसतं आणि क्लिप सैल होते. इंजिन थंड झाल्यावर पुन्हा एकदा बघा.

६) नळी दाबून बघा. कडक, तडकलेली किंवा क्लिपेजवळ फुगलेली असेल तर बदला. शाफ्टच्या ग्लँडला रबरी नळी असेल तर तिच्या क्लिपा आधी बघा. तिथे हात पोचत नाही म्हणून सगळे सोडून देतात.

७) कॉक महिन्यातून एकदा उघड-बंद करा. बोट सोडताना बंद करा. विसरायची भीती असेल तर इंजिनाची चावी कॉकच्या दांड्यालाच अडकवा. कॉक उघडल्याशिवाय चावी घ्यायची नाही.

८) प्रत्येक भोकाशेजारी त्या मापाचं निमुळतं, मऊ लाकडाचं बूच दोरीने बांधून ठेवा. नळी सुटली तर अंधारात शोधायला वेळ नसतो.

एका बोटीला हे सगळं करायला अर्धा दिवस लागतो.

आता सार्वजनिक मुद्दा. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेवरून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, माणसं गेली. त्यानंतर लाइफ जॅकेटचा विषय सगळीकडे निघाला. चांगलंच झालं. पण लाइफ जॅकेट कामाला येतं ते माणूस पाण्यात पडल्यावर. पाणी बोटीत येऊच नये म्हणून कोण काय बघतं? आमच्या बोटीची तपासणी झाली तेव्हा कागद बघितले, नंबर बघितला, जॅकेटं मोजली. इंजिनाच्या फळ्या कुणी उचलल्या नाहीत. आम्हीही उचला म्हणालो नाही.

आपली ही सावित्री महाडवरून खाली येते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तिच्यावरचा ब्रिटिशकालीन पूल गेला, दोन एसटी गाड्या माणसांसकट गेल्या, आणि शोध खाली समुद्रापर्यंत चालला. त्या पुलाची मे महिन्यात पाहणी झाली होती असं तेव्हा सरकारकडून सांगितलं गेलं. पूल आणि क्लिप एक नाही, मला कळतं. पण पाहणी झाली म्हणजे जिथे बिघाड असतो तिथे हात लावून बघितलं असं होत नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

म्हणून तीन मागण्या. एक, मच्छीमार बोटी, फेरीबोटी, पर्यटकांना फिरवणाऱ्या होड्या, सगळ्यांच्या वार्षिक तपासणीत नळ्या, क्लिपा आणि कॉक उघडून बघावेत आणि तसं कागदावर लिहावं. फेरीवाल्यांवर माझा काही आरोप नाही. म्हाप्रळ-आंबेतचा वळसा वाचवून ती आपल्याला रोज पलीकडे नेते, म्हणूनच म्हणतोय. दोन, मच्छीमार सोसायट्यांनी चांगल्या क्लिपा घाऊक आणून सभासदांना द्याव्यात. तालुक्यात मिळतच नाहीत म्हणून लोक गाडीच्या लावतात. तीन, किनाऱ्यावरच्या आयटीआयत डिझेल मेकॅनिकच्या पोरांना बोटीचं इंजिन निदान एकदा दाखवावं. मला कुणी दाखवलं नव्हतं. अर्थात ही माझी सबब नाही. बाबांनी विचारलं होतं.

सरकार करेल तेव्हा करेल. जूनचे पहिले दोन रविवार मी सकाळी वेसवी जेट्टीवर असेन. चुंबक, पाने, आरसा, टॉर्च माझं. पैसे घेणार नाही. बाणकोट, वेसवी, वेळास, कुठलीही बोट असो, फळ्या उचलून ठेवा, मी येऊन बघतो. आमची तुटलेली क्लिपही आणीन, हातात घेऊन बघा.

भाऊ आता बोट नांगरली की कॉक बंद करून चावी तिथेच अडकवतो आणि घरी आल्यावर बाबांना सांगतो, "बंद केला." बाबा दरवेळी विचारतात, "दोन्ही?"

ज्यांची बोट आहे त्यांच्यापर्यंत ही पोस्ट पोचवा. जे फेसबुकवर नाहीत त्यांना वाचून दाखवा.