सांगायची किंमत, द्यायची किंमत

आमच्या नीरा कालव्याच्या पट्ट्यात जुना ट्रॅक्टर विकायला काढला की हल्ली माणूस आधी मोबाईल हातात घेतो. ट्रॅक्टर धुवायचा, टायरला काळा रंग फासायचा, चारी बाजूंनी फोटो काढायचे आणि खाली आकडा टाकायचा. हा आकडा येतो कुठून? पलीकडच्या तालुक्यात कुणीतरी त्याच मॉडेलचे साडेचार लाख सांगितलेले असतात, म्हणून हा पावणेपाच सांगतो. याचं बघून तिसरा पाच सांगतो. यातला एकही ट्रॅक्टर त्या किमतीला गेलेला नसतो. तरी महिनाभरात सगळ्या पट्ट्यात ‘पाचचा रेट चाललाय’ अशी बोलवा उठते, आणि ज्याला खरंच पेरणीच्या आत ट्रॅक्टर हवा आहे तो बिचारा त्या पाचाला धरून कर्जाची जुळणी करायला लागतो.

सांगायची किंमत आणि द्यायची किंमत यांत अंतर पूर्वीही होतं. ते नसेल तर बाजार कसला! पण तेव्हा सांगायच्या किमतीच्या मागं एक हकिगत असायची आणि ती हकिगत चार गावांना ठाऊक असायची. मला आठवण येते ती त्या हकिगतीची.

सत्तरच्या दशकात आमच्या गावात ट्रॅक्टर इतके थोडे होते, की बांधापलीकडून कुणाचा बी-२७५ येतोय आणि कुणाचा झेटर, हे पोरं नुसत्या आवाजावरून सांगत. देशात बनलेला पहिला ट्रॅक्टर आयशरचा, तो १९५९ साली फरिदाबादच्या कारखान्यातून निघाला. १९६३ मध्ये महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टरशी हातमिळवणी केली आणि त्यातून बी-२७५ आला. एचएमटीचा झेटर २५११ त्यानंतरचा. १९७४ साली आला स्वराज ७२४. त्याचं डिझाइन दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत इथल्याच इंजिनिअरांनी केलेलं, याचा जाणत्या शेतकऱ्यांना फार अभिमान. पण कारखाने मोजके आणि मागणी अफाट. नवा ट्रॅक्टर हवा तर पैसे भरून नंबर लावायचा आणि वाट बघत बसायचं. त्यामुळे वापरलेला ट्रॅक्टरसुद्धा जवळपास नव्याच्या किमतीला जायचा, कधी त्याच्याही वर. ते टंचाईचे दिवस होते. त्यांत लहान शेतकऱ्याचं भलं झालं असं मी म्हणणार नाही. ट्रॅक्टर त्याच्या आवाक्यातच नव्हता, तो भाड्यानं नांगरट करून घ्यायचा.

ऐंशीच्या दशकात जुन्या ट्रॅक्टरचा खरा बाजार आमच्याकडे रुळला, आणि तो रुळला बैलबाजाराच्याच रीतीनं. बैलबाजारात दलाल उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव ठरवायचे, बाहेरच्याला पत्ता लागायचा नाही. तीच माणसं पुढं ट्रॅक्टरच्या व्यवहारात आली. उपरणं गेलं, पण दोघांना बाजूला घेऊन कानात बोलणं राहिलं. दलाल विकणाऱ्याला म्हणायचा, “आप्पा, सांगायला काय सांगता ते सांगा, पण द्यायचं काय ते मला आत्ताच सांगा.” आणि आप्पा खरा आकडा सांगायचे. कारण दलालाची सोयरीक पंचक्रोशीत असायची. एकदा खोटं पडलं तर पुढच्या बाजारात त्याला तोंड दाखवायची चोरी. दलालीसाठी दोन्हीकडं खेळणारेही होते, नव्हते असं नाही. पण तेही नावानिशी माहीत असायचे.

किंमत ठरायच्या आधी मिस्त्री यायचा. आमच्याकडच्या मिस्त्रीचं काम बघणं हा एक पाठच होता, आणि त्यातलं बरंचसं मला अजून लख्ख आठवतं. तो आल्या आल्या किल्ली मागायचा नाही. आधी इंजिनच्या ब्लॉकवर तळहात ठेवायचा. ब्लॉक गरम लागला तर म्हणायचा, “हा निवू द्या, तोवर चहा घेऊ.” गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन चालवून गरम करून ठेवायची युक्ती जुनीच. दुखणं असलेलं इंजिन थंडीत पहिल्या सेल्फला उठत नाही, गरम असलं की लपवता येतं. मग तो धूर बघायचा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा नाहीतर व्हॉल्व्हकडं काम निघालंय. काळा म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही, पंप-नोझल तपासा. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडून तो त्याच्यावर हात धरायचा. आतून वाफारा जोरात यायला लागला की कॉम्प्रेशन पिस्टनच्या बाजूनं निसटतंय हे उघड.

मग लिफ्ट. मागं नांगर लावायचा, वर उचलायचा, इंजिन बंद करायचं आणि गप्पा मारत बसायचं. नांगर जागेवर राहिला तर ठीक. हळूहळू खाली बसायला लागला की हायड्रॉलिकमध्ये गळती. क्लच बघायला वरचा गिअर टाकून, ब्रेक दाबून धरून क्लच सोडायचा. इंजिन गपकन बंद पडलं तर प्लेट धड, नुसतं घुरघुरत राहिलं तर प्लेट घसरतेय. उतारावर गिअर सुटतो का, तेही तो स्वतः चालवून बघायचा.

पण त्याचं सगळ्यात बारीक लक्ष असायचं ते मागच्या हुकाकडं. ड्रॉबारचं भोक गोल आहे की ओढून लांबट झालंय, यावरून ट्रॅक्टरनं उभ्या आयुष्यात काय केलं ते कळतं. ज्यानं फक्त घरची नांगरट-कुळवट केली त्याचं भोक जवळजवळ गोल राहतं. ज्यानं हंगामामागून हंगाम कारखान्याला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढल्या, त्याचा हुक, क्लच, क्राऊन-पिनियन आणि ब्रेक यांचं वय वेगळं असतं. मग मॉडेल कुठल्याही सालचं असो. मीटरवरचे तास तो शेवटी बघायचा, तेही फारसा भरवसा न ठेवता. जुन्या ट्रॅक्टरचं मीटर केबलवर चालतं. केबल तुटली की तास तिथंच थांबतात, आणि ट्रॅक्टर मात्र पुढची चार वर्षं राबत राहतो. शिवाय इंजिन कमी फेऱ्यांवर चाललं तर घड्याळाच्या एका तासाला मीटरवर पुरता तास पडतही नाही. म्हणून मिस्त्री पायाखाली बघायचा: क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय का, स्टिअरिंगला किती खेळ आहे, पुढच्या एक्सलच्या पिना ढिल्या आहेत का.

हे सगळं झाल्यावर तो गिऱ्हाइकाला बाजूला नेऊन खर्चाचा आकडा सांगायचा, आणि तो खर्च सांगायच्या किमतीतून वजा व्हायचा. विकणाराही याला नाही म्हणायचा नाही, कारण तो मिस्त्री त्याचाही असायचा. गेल्या वर्षी त्यानंच त्याची रिंग बदललेली असायची. विकणाऱ्यानं लपवावं काय आणि घेणाऱ्यानं संशय घ्यावा कशाचा! शेवटी विसाराचे पैसे, नारळ, आणि आर. सी. बुकाबरोबर सातबारा. हो, सातबाराही. तेव्हा ट्रॅक्टरला कर्ज द्यायची भूविकास बँक, जमीन तारण ठेवून. घेणारा शहाणा असला तर विकणाऱ्याच्या उताऱ्यावर इतर हक्कात बोजा आहे का ते आधी बघायचा.

आज यातलं काय राहिलं? ट्रॅक्टर भरपूर झाले, ही आनंदाचीच गोष्ट. माझ्या बरोबरीच्या कित्येकांच्या घरी आज स्वतःचा ट्रॅक्टर आहे, जो त्यांच्या वडिलांना स्वप्नातही नव्हता. पण ट्रॅक्टर दोनशे किलोमीटरवरून येतो आणि त्याची हकिगत येत नाही. हप्ते थकले म्हणून फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेले ट्रॅक्टर यार्डात रांगेनं उभे असतात. त्यांच्यावर नवा रंग, नवे स्टिकर. त्यांनी ऊस ओढला, मुरूम वाहिला की नुसता रोटाव्हेटर चालवला, हे सांगणारा तिथं कुणी नसतो. ज्याच्या घरातून तो गेला तो माणूस तर त्या यार्डाच्या दारातही उभा राहत नाही.

मग किंमत कशी काढायची? मी माझ्या पुतण्याला हिशेब शिकवला तो असा. चाळीस हॉर्सपॉवरच्या आतबाहेरचा ट्रॅक्टर साडेतीन लाखांना सांगितलाय. मागचे टायर झिजलेत, जोडी नवी घ्यायची तर तीस-चाळीस हजार जातील. धूर निळा आहे, म्हणजे इंजिनाचं काम काढावं लागणार, त्याला पन्नास हजारांच्या वरच धर. क्लच, बॅटरी, किरकोळ मिळून वीस-पंचवीस. नोंदणीला पंधरा वर्षं पुरी होत आली असतील तर पुन्हा नोंदणीचा खर्च आणि आर. टी. ओ.चे हेलपाटे. हे सगळं वजा करून जे उरतं, तेवढंच त्या लोखंडाचं मोल. बाकीचा आकडा विकणाऱ्याच्या गरजेचा किंवा आशेचा असतो, आणि त्याची आशा आपण का विकत घ्यायची?

या हिशेबात आणखी एक गोष्ट धरावी लागते, ती म्हणजे उद्या सुटे भाग मिळणार का. एचएमटीचे ट्रॅक्टर एके काळी मानाचे. पण २०१६ मध्ये सरकारनं तो विभागच बंद करायचं ठरवलं, तेव्हापासून चांगल्यातल्या चांगल्या एचएमटीकडं बघणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न पार्टचाच येतो. यंत्र तेच, इंजिन तेच, मोल मात्र कारखान्याच्या दारावर कुलूप पडलं तसं उतरलं. मला याचं वाईट वाटतं.

आणि गेल्या वर्षीचंच बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाचवर आला. करासकट आठ लाखांना पडणारा नवा ट्रॅक्टर साडेसात लाखांवर आला, म्हणजे एका रात्रीत पन्नास हजार उतरले. ट्रॅक्टरच्या टायरवरचा कर अठराचा पाच झाला. नवं स्वस्त झालं की जुन्यानं खाली यायचं, हा बाजाराचा साधा नियम. पण आमच्याकडच्या फोटोखालचे आकडे दसरा-दिवाळीपर्यंत जागचे हलले नाहीत, कारण ते आकडे नव्या ट्रॅक्टरकडं बघून ठरलेलेच नव्हते. घासाघीस न करता घेणाऱ्यांनी ते पन्नास हजार गुपचूप विकणाऱ्याच्या पदरात टाकले.

तरीही जुनं ते सगळं सोनं नव्हतं, आणि हे सांगायला मला आमच्या भावकीतली एक वहिनी आठवते. ऐंशीच्या दशकात तिचा नवरा गेला आणि कर्ज फेडायला ट्रॅक्टर विकावा लागला. हकिगत सगळ्या गावाला ठाऊक होती, फक्त तिला बैठकीत कुणी बसवलं नाही. दलाल, दीर आणि घेणारा यांनी बाहेरच्या ओट्यावर काय ते ठरवलं, आणि चुलीपाशी बसलेल्या वहिनीला पैसे मोजून मिळाले तेव्हा किंमत कळली. तो ट्रॅक्टर महिन्याभरात बऱ्याच जास्त पैशांना पुढं गेला. मागच्या हिवाळ्यात तिच्याच सुनेवर तशीच वेळ आली. तिनं मोबाईलवर त्या मॉडेलचे पाच-पंचवीस सांगायचे आकडे बघितले, गाडीवरचा फायनान्सचा बोजा उतरल्याची नोंद बघितली, तालुक्याहून मिस्त्री बोलावून त्याला त्याची मजुरी दिली आणि काय खराब आहे ते कागदावर लिहून घेतलं. तोच कागद तिनं येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकापुढं ठेवला. पहिले तिघं परत गेले. चौथ्यानं कागद वाचला, नांगर उचलून इंजिन बंद केलं, लिफ्ट टिकते का ते बघितलं आणि सांगितलेल्या किमतीत दहा हजार कमी करून मागितला. तिनं पाच कमी केले.